पेटीतली पलटण : वाचक विचारतात

मागच्या अंकात छत्रीधारी, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या फौजेच्या मरून टोपीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि जाताजाता म्हटलं होतं की कोणाच्या घरी असं काही पडलं असेल तर फोटो पाठवा. आता फोटो इतके आले की सगळ्यांना या पानावर बसवणं शक्य नाही, त्यामुळे ज्या प्रश्नांतून बाकीच्यांनाही काही मिळेल ते घेतले. एक विनंती मात्र सगळ्यांना. बिल्ल्याची समोरची बाजू सगळेच पाठवतात, पाठ कोणीच पाठवत नाही. पाठ पाहिल्याशिवाय मी कोणत्याच पॅचवर ठाम बोलत नाही, आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचं गाव आर्वी तालुक्यात. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मिल्ट्रीत होते एवढंच घरात माहीत, ते गेले तेव्हा मी लहान होतो. आता जुनं घर पाडून राहिलो तर माळ्यावरून त्यांची पत्र्याची पेटी निघाली. त्यात मरून टोपी, एक खाकी शर्ट आणि एक चौकोनी कापडी बिल्ला, त्यावर पंखवाल्या घोड्यावर भाला घेतलेला माणूस बसला आहे आणि खाली इंग्रजीत ‘इंडिया’ लिहिलेलं आहे. शहरातल्या एका दुकानदाराला दाखवला तर तो म्हणे हा बिल्ला इंग्रजांचा असतो, इंडिया मागून कोणीतरी टाकलं, डुप्लिकेट आहे, तरी 500 रुपये देतो. आमचे आजोबा पॅराशूटमधून उडी मारत होते का?

उत्तर : डुप्लिकेटला तो 500 रुपये कायले देऊन राहिला असता भाऊ, एवढा विचार करा आणि बिल्ला परत पेटीत ठेवा.

घोडा म्हणजे ग्रीक पुराणातला पेगॅसस, वर बसलेला बेलेरोफॉन. मरून कापडावर फिकट निळ्या रंगात हे चित्र 1942 मध्ये ब्रिटिशांच्या एअरबोर्न, म्हणजे विमानातून छत्रीने किंवा ग्लायडरने (बिनइंजिनाच्या विमानाने) उतरणाऱ्या फौजेने घेतलं, काढलं होतं एडवर्ड सीगो नावाच्या चित्रकाराने. दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे ते इथपर्यंतच. इंग्रज पलटणींमध्ये या चौकोनाखाली ‘एअरबोर्न’ अशी वेगळी पट्टी असायची. पण 1944 मध्ये आपल्याकडे 44 वी इंडियन एअरबोर्न डिव्हिजन उभी राहिली आणि तिने हेच चित्र घेऊन घोड्याच्या खाली ‘इंडिया’ घातलं. म्हणजे ती अक्षरं मागून टाकलेली नाहीत, तीच त्या बिल्ल्याची ओळख आहे. पुढे 1945 मध्ये या डिव्हिजनचं नाव 2 री इंडियन एअरबोर्न झालं, आणि मग फाळणी, सगळी वाटणी. त्यामुळे आजोबांनी हा बिल्ला शिवून घेतला असेल तर तो याच दोन-चार वर्षांतला.

तुम्ही पाठीचा फोटो पाठवला ते लय बरं केलं. सुती कापड, टाके कुठे दाट कुठे विरळ, मागे धाग्यांच्या गाठी, आणि कडेला शिवण उसवल्याची भोकं. विलायतेत त्या काळात कापडावर छापलेले बिल्लेही निघायचे, आपल्याकडे मात्र कंत्राटदार आणि पलटणीचे दर्जी भरतकाम करून द्यायचे, त्यामुळे दोन बिल्ले एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. घोड्याचा एक पाय जाड, स्वाराचं डोकं जरा वाकडं, हे बघून लोक नकली म्हणतात. मला तर दहाच्या दहा सारखे दिसले की जास्त शंका येते.

आता मुख्य प्रश्न, उडी मारत होते का. इथे तीन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करून टाकतात. घोड्याचा बिल्ला सांगतो की माणूस कोणत्या डिव्हिजनमध्ये होता, बस. त्या डिव्हिजनमध्ये ड्रायव्हर होते, स्वयंपाकी होते, दवाखान्याचे लोक होते, ग्लायडरमधून उतरणारे होते, सगळ्यांच्या बाहीवर हाच घोडा. दुसरी गोष्ट खांद्यावरची पट्टी किंवा टोपीवरचा पितळी बिल्ला, त्यावरून पलटण कळते. आणि तिसरी गोष्ट पंख, म्हणजे मधे उघडलेली छत्री आणि दोन्हीकडे पंख असलेलं छोटं भरतकाम, ते फक्त उड्यांचं ट्रेनिंग पूर्ण केलेल्यालाच मिळायचं आणि त्या काळी उजव्या बाहीवर वर लावायचे. तर तुम्ही तो खाकी शर्ट उजेडात धरा आणि उजव्या बाहीचा वरचा भाग नीट बघा. पंख नसतील तरी सुईच्या भोकांची रांग किंवा आजूबाजूपेक्षा गडद राहिलेला कापडाचा तुकडा दिसतो का ते पाहा. बिल्ला काढला तरी त्याची सावली कापडावर वर्षानुवर्षं राहते, म्हणूनच म्हणतो की शर्ट धुऊ नका, इस्त्री करू नका, आणि काकूंना सांगा की उसवलेला बिल्ला प्रेमाने परत शिवून देऊ नका.

आपल्या छत्रीधाऱ्यांची सुरुवात कुठून झाली तेही सांगतो कारण पत्रात तुम्ही लिहिलं की इंडियात तेव्हा पॅराशूट होतं का. होतं ना. 50 वी इंडियन पॅराशूट ब्रिगेड ऑक्टोबर 1941 मध्ये दिल्लीला उभी झाली, तिच्यात 151 नंबरची ब्रिटिश, 152 नंबरची भारतीय आणि 153 नंबरची गुरखा बटालियन. पहिल्या उड्या 15 ऑक्टोबर 1941 ला कराचीत, आणि पहिले उडी मारणारे भारतीय म्हणून डॉक्टर असलेले लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग यांची नावं घेतात. याच ब्रिगेडने मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांना आठवडाभर थोपवून धरलं, तेही छत्रीने उतरून नाही, जमिनीवर पाय रोवून. प्रत्यक्ष लढाईतली उडी 1 मे 1945 ला, रंगूनजवळच्या एलिफंट पॉइंटवर गुरखा पॅराट्रूपर्सची. म्हणून आजोबांच्या बाहीवर पंख नाही निघाले तर मन छोटं करू नका. सांगशाकला राहिलेला माणूस उडी न मारताही त्याच पलटणीचा होता.

पेटीत कागद आहे का ते अजून एकदा शोधा. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं असतं, त्याच्या खाली लोक डिस्चार्जचा कागद ठेवायचे.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की बिल्ल्यावर मुकुट दिसला म्हणजे वस्तू 1950 च्या आधीची. माझ्याकडे (कामठी) छत्री, पंख आणि वर मुकुट-सिंह असलेला टोपीचा धातूचा बिल्ला आहे, तो 1970 च्या आसपास एका इंग्रज पाहुण्याने काकांना दिला होता. मग तो तेव्हाच जुना होता का?

उत्तर : मागच्या वेळचं वाक्य आपल्या फौजेबद्दल होतं. 26 जानेवारी 1950 नंतर आपल्या बिल्ल्यांवरून, बटणांवरून मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले, म्हणून भारतीय वस्तूवर मुकुट असेल तर ती त्याआधीची, आणि ही खूण घरबसल्या कोणालाही तपासता येते, भिंग असलं की झालं. पण इंग्रजांचा मुकुट कुठे जाणार, त्यांचा राजा किंवा राणी आहेच.

त्यांच्याकडे मुकुटाचा आकार बघायचा. राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर गोल घुमटासारख्या, आणि 1953 नंतर राणी एलिझाबेथच्या काळात जो मुकुट आला त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. तुमच्या फोटोत मध्ये खोलगट दिसून राहिलं, म्हणजे राणीचा, म्हणजे 1953 नंतरचा, आणि काकांची गोष्ट त्याच्याशी पूर्ण जुळते. चांगला बिल्ला आहे, ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटचा. महायुद्धातला म्हणून मात्र कोणाला विकू नका.

प्रश्न : मी यवतमाळला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकन पॅराट्रूपर्सचं लय वेड आहे. ऑनलाइन एकाकडून ‘ओरिजिनल नॉर्मंडी 1944’ म्हणून 101 नंबरच्या डिव्हिजनचा गरुडाचा पॅच घेतला, पॉकेटमनी साचवून. आता तोच माणूस एम 42 जंप जॅकेट (पॅराट्रूपर्सचं उडीचं जॅकेट) घे म्हणून मागे लागला आहे, पैसे मोठे आहेत. पॅच खरा का खोटा कसं ओळखू? समोरून आणि मागून फोटो जोडले आहेत.

उत्तर : मागूनही फोटो पाठवले, शाब्बास, तुझ्याकडून बाकीच्यांनी शिकावं.

आता वाईट बातमी. तुझ्या पॅचची कड बघ, चारही बाजूंनी दोरखंडासारखी जाड गोल शिवण फिरली आहे आणि शेवटी शेपटीसारखा धागा मागे चिकटवला आहे. अशी कड एका खास मशीनने होते आणि अमेरिकन पॅचवर ती सर्रास दिसायला लागली 1960 च्या दशकापासून पुढे. महायुद्धातले पॅच मोठ्या कापडावर भरून मग कापलेले असायचे, त्यामुळे त्यांची कड सपाट असते आणि बारीक रोवे निघालेले दिसतात. आणि पाठीवर तो चकचकीत प्लास्टिकचा थर आहे ना, इस्त्रीने चिकटवायचा, त्याच्यावर तर बोलायलाच नको. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या उडीची तारीख 6 जून 1944, तेव्हा इस्त्रीने पॅच चिकटवत नव्हते. काही महाभाग तर मागे वेल्क्रो असलेला पॅचसुद्धा महायुद्धाचा म्हणून खपवतात.

अजून एक चाचणी, ही सगळ्यांनी करावी. किराणा दुकानात नोटा तपासायचा जांभळा लाइट असतो ना, अल्ट्राव्हायोलेट, तो अंधाऱ्या खोलीत पॅचवर मारायचा. जुना सुती धागा मख्ख राहतो आणि आजचा पॉलिस्टरचा, पांढरेपणाचं रसायन लावलेला धागा निळापांढरा चमकतो. पण इथे आपल्या घरांत एक गोम आहे जी परदेशी लोक सांगत नाहीत. आपल्या आई-आज्यांनी पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घातलं आहे, आणि टिनोपाल म्हणजे नेमकं तेच चमकणारं रसायन. धुण्याच्या पाऊडरमध्येही असतं. म्हणजे खरा पॅच शर्टासकट टिनोपालच्या बादलीतून निघाला असेल तर तो पण चमकेल. तेव्हा चमकला म्हणून लगेच फेकू नको आणि नाही चमकला म्हणून नाचू नको, कारण नकली बनवणाऱ्यांनाही हा लाइट माहीत आहे, ते जुन्या प्रकारचा सुती धागा वापरतात, आणि वरून चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करतात. त्याला वास घेऊन बघायचं. हसू नको, खरंच येतो.

गरुडाची गोष्ट तुला माहीत असेलच, अमेरिकन यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या पलटणीने पाळलेला ओल्ड एब नावाचा गरुड, तोच काळ्या ढालीवर. अमेरिकेच्याच दुसऱ्या छत्रीधारी डिव्हिजनचा, 82 नंबरवाल्यांचा पॅच दोन ए अक्षरांचा, कारण ती डिव्हिजन पहिल्या महायुद्धात उभी झाली तेव्हा अमेरिकेच्या सगळ्या राज्यांतले लोक तिच्यात होते, ऑल अमेरिकन. हे दोन पॅच जगात सगळ्यात जास्त मागितले जातात, म्हणून सगळ्यात जास्त नकली पण यांचेच.

जॅकेटचं म्हणशील तर अजिबात घेऊ नको, निदान हातात घेऊन बघितल्याशिवाय नको. एम 42 ची ओळख म्हणजे तिरके चार खिसे आणि कॉलरखाली दोन्हीकडून झिप असलेला छोटा चाकूचा खिसा. पण ही ओळख बनवणाऱ्यालाही पाठ आहे, लढाईचे प्रसंग उभे करणाऱ्या हौशी लोकांसाठी आणि पिक्चरवाल्यांसाठी आजही नवे जॅकेट शिवले जातात, ते शिवणारे प्रामाणिकपणे नवं म्हणूनच विकतात, मधला माणूस त्याचं लेबल कापून 1942 करतो. लेबल कापलेलं असलं की तिथेच थांबायचं. नॉर्मंडीच्या आधी कोपर आणि गुडघ्यावर कॅनव्हासची ठिगळं लावून घेतलेली असायची, ती ठिगळं आणि खालचं कापड सारखंच विटलेलं आहे का, ठिगळाच्या आतलं कापड बाहेरच्यापेक्षा कमी विटलेलं आहे का, हे बघावं लागतं. फोटोवर नाही कळत हे.

आणि आता तुला दुसराच रस्ता सुचवतो, तू विचारला नाही तरी. अमेरिकन फौज आपल्याच देशात होती ना तेव्हा, आसाम, कलकत्ता, कराची. तिच्या चीन-बर्मा-इंडिया विभागाचा ढालीचा पॅच, वर एकीकडे चिनी सूर्य, दुसरीकडे तारा, खाली लालपांढरे पट्टे, हा कितीतरी सैनिकांनी इथल्याच दर्ज्यांकडून करून घेतला, कोणी जरीत, कोणी चामड्यावर. अमेरिकेतले संग्राहक हे देशी काम शोधत फिरतात आणि आपण इथे बसून तिकडचा गरुड शोधतो. जरीचं खरं काम तांब्याच्या तारेचं असतं, काळपट पडतं, खाली खळ लावलेला कागद किंवा पुठ्ठा निघतो. तरी इथेही सांभाळूनच, कारण बनारसला आणि पलीकडे सियालकोटला असे जरीचे बिल्ले बनवणारे हात अजून जिवंत आहेत आणि जगभरच्या फौजांना माल पुरवतात. कला खरी, वय खोटं, असं पुष्कळ वेळा होतं.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला पोराला पॅरा कमांडो बनवायचं आहे, लाकडी बैलासोबत. बाजारात बलिदान बिल्ल्यासकट ड्रेस मिळतो. पोलीस पकडतील असं सासरे म्हणतात. (उमरेड)

उत्तर : सात वर्षांच्या पोराला कोणी पकडत नाही ताई. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 मध्ये शिक्षा आहे ती आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने वर्दी किंवा खूण वापरणाऱ्याला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तान्ह्या पोळ्यातल्या पोराला कोणी कमांडो समजत नाही.

सासऱ्यांचा धाक मात्र मोठ्यांसाठी बरोबर आहे. फौजेचा 2022 मध्ये आलेला नवा डिजिटल छापाचा गणवेश, त्याचं डिझाइन फौजेने आपल्या नावावर नोंदवून घेतलं आहे, ते कापड खुल्या बाजारात विकायला परवानगी नाही. आणि बलिदानचा बिल्ला, म्हणजे वर पंख असलेला खंजीर आणि खाली देवनागरीत ‘बलिदान’, हा फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसचा. 2019 च्या वर्ल्ड कपात धोनीच्या ग्लोव्हजवर तो दिसला तर आयसीसीने काढायला लावला, तेव्हापासून पानठेल्यावरसुद्धा त्याचे स्टिकर मिळतात. मला विचाराल तर पोराला टोपी घाला, बिल्ला राहू द्या. त्याच्यापेक्षा बैल चांगला सजवा, बक्षीस बैलाला मिळते.

प्रश्न : आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंची एक वाकळ आहे, आतल्या थराला पांढरं गुळगुळीत कापड आहे. घरात सांगतात की लढाईच्या वेळी बिरसीच्या विमानतळावरून आणलेलं पॅराशूटचं कापड आहे. खरं असेल का? मैत्रीण म्हणते पॅराशूट नेहमी रेशमाचं असते. (गोंदिया जिल्हा)

उत्तर : कापड पॅराशूटचं असू शकतं, बिरसीची धावपट्टी खरंच महायुद्धाच्या काळातली, 1940 मध्ये इंग्रजांनी बांधलेली. पण तिथूनच आलं का हे कापड स्वतः नाही सांगणार. लढाई संपल्यावर डिस्पोजलचा, म्हणजे फौजेने विकून टाकलेला माल सगळ्या बाजारांत आला होता, त्यातूनही आलं असेल.

मैत्रिणीचं अर्धं खरं. आधी रेशीमच होतं, पण रेशीम यायचं जपानकडून आणि जपानशीच लढाई लागली, मग नायलॉन आलं. सामान टाकायच्या छत्र्या तर सुती पण असत. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे 1944 मध्ये बर्मा आघाडीवर छत्र्या पुरेनात तेव्हा तिथले इंग्रज सेनापती जनरल स्लिम यांनी कलकत्त्याच्या मिलवाल्यांकडून चक्क तागाच्या छत्र्या करून घेतल्या, पॅराजूट म्हणायचे त्याला, नेहमीच्या छत्रीच्या साधारण विसाव्या हिश्श्यात पडायची. माणसं नाही, फक्त सामान. म्हणजे एखाद्या घरी गोणपाटासारखं काहीतरी गोल शिवलेलं पडलं असेल तर ते पण फेकू नका.

वाकळ उसवू नका. कडेला जिथे शिवण सुटली आहे तिथून आतल्या कापडाचा एकच सुटा धागा ओढा, चिमट्यात धरून काडी लावा, वाकळीपासून लांब, अंगणात. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरगळली तर रेशीम. वितळून टोकाला कडक गोळी झाली तर नायलॉन. कागद जळाल्यासारखा वास आला तर सूत. मग शिवण बघा. छत्री घागऱ्यासारखी कळ्या जोडून केलेली असते आणि दोन कळ्यांच्या जोडावर कापड दुमडून एकात एक अडकवून दोन-चार ओळी शिवण मारलेली असते, कारण तिच्यावर माणसाचं वजन तोलायचं असतं. असा लांब तिरका जोड वाकळीत कुठे सापडला तर गोष्ट खरी. एखाद्या तुकड्यावर शाईचा शिक्का, नंबर निघाला तर मला नक्की फोटो पाठवा. शिक्क्यात वर जाणाऱ्या बाणाचं टोक आणि खाली आय अक्षर असेल तर तो माल हिंदुस्थानात बनून सरकारी तपासणीतून गेलेला.

आणि वाकळ वापरात असेल तर वापरा बापा. काचेत लावायची गरज नाही. फक्त मशीनमध्ये टाकू नका.

प्रश्न : वडिलांची लोकरीची बेरे (फौजेची मऊ गोल टोपी), गरम कोट आणि काही बिल्ले आहेत. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. कसं ठेवायचं? बिल्ले पॉलिश करून फ्रेम करायचा विचार आहे.

उत्तर : ऊन तर आहेच, पण माझा खरा राग कूलरवर आहे. मार्चपासून जूनपर्यंत ज्या खोलीत कूलर चालते त्या खोलीत हवा ओली असते आणि बाहेर भट्टी, कापड रोज ओलं-कोरडं होते, लोकरीला बुरशी येते, बिल्ल्याच्या पिनेला गंज चढते आणि तो गंज कापडात उतरला की निघत नाही. मग पावसाळा आहेच. पेटी कूलरच्या खोलीत नको, गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्यावरही नको, मधल्या घरात, जमिनीपासून वर, विटांवर ठेवा म्हणजे उधई चढणार नाही.

बेरे आणि कोटाला कसर लागते, ती लोकर खाते. सुती वर्दीला खळ असेल तर चंदेरी किडे खळीसाठी येतात, म्हणून ठेवताना खळ नको. डांबरगोळ्या टाका पण मलमलच्या पुरचुंडीत, कापडाला आणि प्लास्टिकच्या बटणांना चिकटून नको. कडुनिंबाचा पाला टाकायचा तर पूर्ण वाळलेला. कसर लागलीच असेल तर कोट पातळ पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गावात आइस्क्रीमवाल्याचा फ्रीजर असतोच, थोडी ओळख काढा.

पॉलिश नाही. पितळेला आरशासारखं करणारी पॉलिश दर वेळेला बिल्ल्याचा बारीक थर खाते. ज्यांचे बिल्ले फौजेत असताना रोज घासले गेले त्यांच्या नाक-डोळे झिजलेल्या सिंहाला मी हात लावत नाही, ती झीज त्या माणसाने केली आहे. ती तुम्ही आता कायले करता. हिरवट थर असेल तर लाकडी टूथपिकने हळूच काढा, तेवढंच. फ्रेम करायची तर भिंतीवर ऊन येत नाही अशी जागा, काचेला कापड टेकू नये, आणि बिल्ला फेविकॉलने चिकटवणारा फ्रेमवाला भेटला तर तिथून उठून या. स्टिकर अल्बमची ती मऊ प्लास्टिकची पानं पण नको, काही वर्षांत चिकट होतात.

प्रश्न : आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. बाबा 1971 च्या लढाईत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मरून बेरेवर पॅराचा बिल्ला नाहीच, सॅपर्सचा (फौजेतल्या इंजिनीअरांचा) आहे, पण वर्दीवर उजव्या छातीला पंख आहेत. मोठा भाऊ म्हणते की कोणीतरी बिल्ला बदलला. सोबत ‘पूर्वी स्टार’ नावाचं मेडल, संग्राम मेडल आणि अजून एक मेडल आहे. बाबा बांगलादेशात टांगाईलला छत्रीने उतरले होते असं गावात सगळे सांगतात. आता भाऊ म्हणते मेडल मी ठेवतो, वर्दी तू ठेव. एक कबाडी पण दोनदा घरी येऊन गेला. काय करू?

उत्तर : आधी बिल्ल्याचं. कोणी बदललेला नाही. पॅरा ब्रिगेडसोबत उडी मारणारे सगळेच पॅराशूट रेजिमेंटचे नसतात. तोफखाना असतो, डॉक्टर असतात, सॅपर्स असतात, ते मरून बेरे घालतात पण बिल्ला आपल्या मूळ शाखेचा लावतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची 411 नंबरची पॅराशूट फील्ड कंपनी अशीच आहे. म्हणजे मरून बेरे, त्यावर सॅपर्सचा बिल्ला आणि छातीला पंख, हे तिन्ही एकत्र असणं हीच तर बाबांची ओळख. कोणी जाणता म्हणून येऊन तिथे पॅराचा ‘बरोबर’ बिल्ला लावून देतो म्हणाला तर लावू देऊ नका, मग मात्र ती खरोखर बदललेली वर्दी होईल.

टांगाईलचं जपून बोलतो. 11 डिसेंबर 1971 ला लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली 2 पॅराचा बटालियन ग्रुप टांगाईलजवळ उतरला, पूंगलीचा पूल धरला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे मागे सरकणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. 2 पॅरा म्हणजे मुळात आपली मराठा लाइट इन्फंट्रीची 3 री बटालियन, 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी झाली तेव्हा ती तिच्यात गेली. ग्रुप म्हटलं म्हणजे त्यांच्यासोबत तोफखाना, सॅपर्स, दवाखानावालेही होते. तेव्हा बाबा असू शकतात. पण पूर्वी स्टार त्याचा पुरावा नाही, तो पूर्व आघाडीवरच्या सगळ्यांना मिळाला, उडी मारलेल्याला आणि ट्रक चालवलेल्याला सारखाच. पंख सांगतात की उडीचं ट्रेनिंग झालं, टांगाईल सांगत नाहीत. ते कागदावरच सापडेल.

कागद असा शोधा. मेडलच्या कडेवर भिंगाने बघा, आपल्या फौजेच्या मेडलवर नंबर आणि नाव कोरलेलं असते. तो नंबर, डिस्चार्ज बुक आणि आईचं पेन्शनचं पुस्तक घेऊन आधी चंद्रपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून अर्ज त्या शाखेच्या रेकॉर्ड ऑफिसला जाईल. बाबा बॉम्बे सॅपर्सचे असतील तर खडकी. दुसऱ्या वाचकांसाठी सांगतो, पॅराशूट रेजिमेंटचं सेंटर बेंगळुरूला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं तर आपल्या कामठीलाच.

आता तुम्ही दोघं भाऊ. वाटणी करायची तर वावराची करा, ही करू नका. नाव कोरलेली तीन मेडलं एकाकडे आणि पंख शिवलेली वर्दी दुसऱ्याकडे गेली की पुढच्या पिढीत मेडलवाल्याला वर्दी माहीत राहणार नाही, आणि बिननावाची वर्दी कोणत्याही सॅपरची होऊन जाईल. सगळं एकाच पेटीत, एकाच घरी. ज्याच्या घरी नाही राहणार त्याला प्रत्येक वस्तूचे समोरून-मागून फोटो छापून द्या, आणि एक कागद बनवा ज्यावर बाबांचं पूर्ण नाव, नंबर, गाव, कोणती वस्तू कोणती, आणि दोघांची सही. तो कागद शाईच्या पेनने नाही, पेन्सिलने लिहा, ओल आली तरी पसरत नाही. आई आहेत तर त्यांना विचारून बाबा काय सांगायचे तेही आत्ताच लिहून घ्या, टांगाईलचं नाव त्यांच्या तोंडून आलं होतं का गावाने नंतर जोडलं, हे फक्त त्याच सांगू शकतात.

कबाडी तिसऱ्यांदा आला तर त्याला चहा पाजा आणि गावात अजून कोणाकडे काय पाहिलं ते विचारून घ्या. त्यांना सगळ्यांच्या घरचं माहीत असते. आणि मला कळवा.